उभी राहिली की तापते, चालली की थंड होते: जुन्या गाडीचा पंखा बदलण्याआधी काय तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनची), एसी नाही. मूर्तिजापूरच्या फाटकावर किंवा बाजारात इंजिन चालू ठेवून पाच-दहा मिनिटं उभी केली की काटा वर चढतो, अकोल्याच्या रस्त्याला लागली की खाली येतो. रेडिएटरचा पंखा कधी लागतो, कधी लागत नाही, पण पंख्याच्या मोटारीला काडीनं ठोकलं की बरेचदा लागतो. एक मिस्त्री पूर्ण पंखा बदला म्हणतो. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका अन् पंखा डायरेक्ट स्विचवर करा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी आहे. आणि भावाच्या बोलेरोलाही हेच लागू होतं का, हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. आज पंखा विकत घेऊ नका, आणि थर्मोस्टॅटला तर हातच लावू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मोटारीपर्यंत करंट पुरेसा पोचत नाही, किंवा पोचला तरी मोटारीच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे छोटे ठोकळे) तो नीट घेत नाहीत. दोन्ही गोष्टी एका दुपारी मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्पवर (चिमटा आणि टोक असलेला तपासणीचा दिवा) कळतात. गाडी समोर नसल्यामुळे वायरिंगचा रंग, रिलेची (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) जागा, फ्यूजचा आकडा मी छातीठोक सांगणार नाही. जुन्या गाडीचं वायरिंग तीन-चार हातांतून गेलेलं असतं, तेव्हा पुस्तकातल्या रंगावर विसंबू नका.

उभी असताना तापते आणि चालताना थंड होते, यात अर्धं निदान झालेलं आहे. गाडी ताशी ४०-५० किलोमीटरवर गेली की समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज फारशी उरत नाही. म्हणजे तुमचा वॉटर पंप पाणी फिरवतोय, थर्मोस्टॅट उघडतोय, रेडिएटर आतून पूर्ण चोंदलेला नाही. याच्या उलट असतं, म्हणजे बाजारात ठीक आणि रस्त्यावर ८० च्या वेगानं तापली असती, तर पंखा सोडून मी रेडिएटरची जाळी, थर्मोस्टॅट, पंप आणि हेड गॅस्केट यांच्या मागे लागलो असतो.

हिवाळ्यात त्रास नव्हता आणि मे महिन्यातच कसा सुरू झाला, याचंही कारण साधं आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असली तर फरक ७० चा. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक उरतो ५० चा. तेवढ्याच हवेत रेडिएटर जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता फेकतो. डिसेंबरमध्ये अर्धवट फिरणारा पंखाही वेळ निभावून नेतो, उन्हाळ्यात त्याचं पितळ उघडं पडतं.

आता पंखा कसा लागतो ते समजून घ्या, म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप लक्षात येईल. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजातून रिले, रिलेतून मोटार, मोटारीतून अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत), ही जाड वायरीची मोठी वाट. दुसरी बारीक वाट रिलेला हुकूम देणारी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा हुकूम थर्मोस्विच देतो, तुमच्या एमपीएफआयमध्ये पाण्याचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तापमान कळवतो आणि ईसीएम रिले ओढतो. साधारण ९५ अंशांच्या आसपास पंखा लागतो, चार-पाच अंश उतरलं की बंद होतो. मॉडेलप्रमाणे यात दोन-चार अंश इकडेतिकडे होतात.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. तासभर थांबा, वरचा होज पाइप हातात धरून दाबता आला पाहिजे, मगच झाकण. दुसरं, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा लागतो, म्हणून पात्यांत बोटं घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. मफलर, दुपट्टा, सैल बाही दूर.

सुरुवात पाण्यापासून करा. हसू नका, पण पंखा न लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि मिस्त्री सगळ्यात शेवटी पाहतो. पाणी कमी असलं की सेन्सरचं टोक पाण्याबाहेर वाफेत राहतं. पाण्याइतकी उष्णता वाफ सेन्सरला देत नाही, ईसीएमला वाटतं सगळं ठीक आहे, आणि इंजिन उकळत असताना पंखा शांत उभा असतो. थंड इंजिनावर झाकण काढून पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा. बाजूच्या प्लास्टिकच्या डबीतलं पाणी पाहून समाधान मानू नका. डबी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं झाकणाचं रबर गेलं की सर्रास होतं.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून पंखा हातानं फिरवा. बोटाच्या धक्क्यानं एक-दोन फेरे जाऊन थांबला तर ठीक. जड वाटला, घासला, किंवा पातं पुढंमागं डुललं तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या बाह्या) गेले आहेत. इथं एक साखळी लक्षात ठेवा: बुश जड झाला की मोटार जास्त अँपिअर ओढते, त्यानं कपलर (वायरी जोडणारा प्लग) तापतो, कपलरची पिन ढिली आणि काळी पडते, तिथं व्होल्ट गळतात, मोटार आणखी मंद होते. शेवटी फ्यूज उडतो आणि दोष फ्यूजावर येतो. म्हणून फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं हा इलाज नाही. १५ च्या जागी ३० घातला तर पुढच्या वेळी वायर जळते. सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळण्याबद्दल तर बोलायलाच नको.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, किल्ली ऑन करा आणि फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना टोक लावून बघा. दोन्हीकडे लॅम्प सारखाच उजळला पाहिजे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेला. दोन्हीकडे लागला तरी फ्यूज काढून त्याचे पाय बघा. पिवळे-काळे झालेले, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर खालची पकड ढिली आहे. ती पकड बारीक टोकाच्या पक्कडीनं दाबून घेता येते, पण तांबं जळून मऊ झालं असेल तर तिथं वायरीवरचा वेगळा फ्यूज होल्डर लावणंच बरं.

आता मोटार डायरेक्ट चालवून बघा. हे फक्त तपासणीपुरतं. कपलर सोडवा, बॅटरीपासून दोन वायर घ्या, पॉझिटिव्हच्या वायरीत १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असू द्या, आणि मोटारीच्या दोन पिनांना लावा. पॉझिटिव्ह कोणत्या पिनला ते कपलरच्या बाजूनं आधी ओळखून घ्या, कारण उलट लावली तर मोटार उलटी फिरते. पंखा इंजिनाच्या बाजूला असतो आणि त्यानं हवा समोरून आत ओढायची असते. एक वहीचं पान ग्रिलपुढं धरा, ते जाळीला चिकटलं पाहिजे. बाहेर उडालं तर पंखा उलटा फिरतोय. कुणी मोटार बदलताना वायरी उलटसुलट जोडल्या असतील तर पंखा घरघर करत फिरत असतो, मालकाला वाटतं चालू आहे, आणि गाडी तापतच राहते.

डायरेक्टवर मोटार दणक्यात फिरली तर तिच्याआधीची वाट बघायची. फिरलीच नाही, किंवा आळसावून सुरू झाली, तर मोटार उघडायची. तुमच्याकडे ठोकल्यावर लागतो, त्यामुळे कार्बन संपल्याचा संशय दाट आहे, पण इथं घाई करू नका. मोटारीला ठोकलं की शेजारचा कपलरही हलतो. म्हणून डायरेक्टच्या वायरी लावलेल्या असतानाच पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा, दर वेळी पातं हातानं थोडं वेगळ्या जागी थांबवून. एखाद्या जागी मोटार उठत नाही आणि लाकडी दांड्यानं हलकेच टिचकी मारली की उठते, तर दोष मोटारीतच. सगळ्या जागांवरून एका झटक्यात उठली तर मोटार निर्दोष, कपलर आणि वायरी धरा.

रिलेची परीक्षा सोपी आहे. त्याच बनावटीचा, त्याच पिनांचा दुसरा रिले गाडीत असतो, बरेचदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करून बघा. रिलेतून ‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला असं समजू नका, तो आवाज फक्त आतल्या कॉइलचा असतो. मोठा करंट वाहून नेणारे आतले पॉइंट जळून खड्डे पडलेले असले तरी टक वाजतोच. चार पिनांच्या रिलेवर आकडे लिहिलेले असतील तर ८५-८६ ही कॉइल आणि ३०-८७ हे पॉइंट. जपानी बनावटीच्या बऱ्याच रिलेंवर हे आकडे नसतात, तेव्हा मीटर लावून पाहा: ज्या दोन पिनांमध्ये साठ ते सव्वाशे ओहमच्या दरम्यान काही दिसेल ती कॉइल. पॉइंट घासून रिले वाचवायच्या भानगडीत पडू नका, नवा फार महाग नसतो.

सेन्सरची बाजू. इंजिन चालू ठेवून पाण्याच्या दोन वायरींच्या सेन्सरचा कपलर काढा. एमपीएफआय मारुतीत सेन्सर तुटल्याचं ईसीएमला कळलं की ते सावधगिरी म्हणून पंखा चालू करतं आणि चेक इंजिनचा दिवा लावतं. पंखा लागला तर ईसीएम, रिले, फ्यूज, मोटार ही सगळी वाट शाबूत, आणि संशय सेन्सरवर किंवा कमी पाण्यावर येतो. सेन्सर थंड असताना, म्हणजे २० अंशांच्या आसपास, साधारण सव्वादोन ते अडीच किलोओहम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या जवळपास उतरतो. आपल्या उन्हाळ्यात सावलीतलं इंजिनही ४० अंशांवर असतं, तेव्हा सकाळी मोजलेला आकडा हजार-बाराशे आला म्हणून सेन्सर फेकू नका. काट्याचा सेन्सर बहुधा वेगळा, एका वायरीचा असतो. तो बदलून पंख्याला काही फरक पडत नाही, आणि हा खर्च फुकट गेलेली माणसं कमी नाहीत.

या सगळ्यात मी सर्वात जास्त भरवसा ज्या तपासणीवर ठेवतो, ती म्हणजे पंखा फिरत असताना व्होल्ट मोजणं. बंद वायरीत १२ व्होल्ट दिसण्याला अर्थ नाही. एका तंतूवर लटकलेली वायरही मीटरला पूर्ण १२ दाखवते, लोड आला की कोसळते. इंजिन चालू, पंखा चालू, मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी बॅटरीवर मोजा, साधारण साडेतेरा ते सव्वाचौदा यायला हवेत. मग मीटरची लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी मोटारीच्या पॉझिटिव्ह पिनवर. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत गळालेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग लाल काडी मोटारीच्या अर्थ पिनवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथं पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. जुन्या गाडीत ही दुसरी बाजूच जास्त वेळा चोर निघते. बॉडीला कसलेल्या त्या एका बोल्टखाली गंज, रंग आणि काळ्या मातीचा थर असतो, वायर दिसायला मात्र धडधाकट.

समजा वाटेत दोन व्होल्ट गळतायत आणि पंखा ८ अँपिअर ओढतोय. म्हणजे त्या एका सैल जोडावर १६ वॅट उष्णता तयार होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. प्लास्टिकचा कपलर वितळतो तो असा. तिकडे पंख्याला साडेतेराऐवजी दहाच व्होल्ट मिळाले तर हवा साधारण चतुर्थांशानं घटते. पंखा फिरताना दिसतो, गाडी तापते, आणि मग बिचारा रेडिएटर उतरवला जातो.

व्होल्ट गळण्याची जागा सापडली की इलाज सरळ आहे. अर्थचा बोल्ट काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीला नवा थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबून लावा, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावा. कपलर जळला असेल तर त्याच मापाचा नवा कपलर पिनांसकट मिळतो. पिना चांगल्या दाबा, जमल्यास थोडं सोल्डरही. वायरीचं टोक आतून काळं पडलं असेल तर लाल तांबं दिसेपर्यंत मागं कापा, वरवर पिळून टेप मारू नका. शेतातला माल घरात आला की बंद गाडीत उंदीर शिरतात, तेव्हा रेडिएटरच्या खालून जाणारी वायर हातात धरून पूर्ण लांबीवर चाचपा. कुरतडलेली वायर वरून टेपमध्ये झाकलेली असू शकते.

आता मोटार उघडायचीच वेळ आली तर. शराउडचे (पंख्याभोवतीच्या चौकटीचे) बोल्ट काढून पंखा शराउडसकट वर उचला, नाहीतर रेडिएटरची जाळी पात्यांनी चिरते. पातं ज्या नटावर आहे तो काही मोटारींत उलट्या आट्याचा असतो. जोर करण्याआधी आटे बघा. मोटारीचं झाकण आणि बॉडी यांवर पेंटनं एक रेघ ओढा, म्हणजे बसवताना तोच कोन मिळेल. पत्र्याचे दुमडलेले कान सपाट पेचकसनं एकदाच हळू उचला, दोन-तीनदा वाकवले की तुटतात. आर्मेचर (मोटारीचा गुंडाळीचा फिरता भाग) बाहेर ओढताना चुंबक त्याला धरून ठेवतात. हातोडी चालवू नका, आतले चुंबक चिनीमातीसारखे ठिसूळ असतात. शाफ्टवरच्या वायसरी ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं एका तारेत ओवून ठेवा.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल ज्यावर कार्बन टेकतात, काळा दिसेल. त्यावर बारीक सँडपेपरची पट्टी फिरवा, ४०० नंबर चालतो. एमरी पेपर नको, त्याचा दाणा तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून राहतो. मग पट्ट्यांमधल्या खाचा. तिथं कार्बनची पूड ठासून बसलेली असते, ती टोकदार बांबूच्या काडीनं कोरून काढा. मीटर लावून बघा: कोणत्याही पट्टीचा शाफ्टशी संबंध दिसता कामा नये. दिसला, किंवा गुंडाळी काळी पडून जळका वास येत असेल, तर मोटार टाकून द्या. तिच्यावर आणखी दुपार घालवू नका.

कार्बन पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. गावाकडे घोळ होतो तो इथंच. दुकानात मापाचे मिळाले नाहीत की मिक्सरचे किंवा ड्रिल मशीनचे कार्बन घासून बसवले जातात. ते २३० व्होल्टसाठी असतात, कठीण आणि जास्त विरोधाचे. १२ व्होल्टवर तोच पंखा सात-आठ अँपिअर ओढतो, त्याला तांबं मिसळलेले कार्बन लागतात. घासल्यावर त्यांत तांबूस झाक दिसते, यावरून ओळखा. माप जुळत नसेल तर तांबूस जातीचेच जरा मोठे घेऊन कानशीनं उतरवा. होल्डरमध्ये ते न अडखळता सरकले पाहिजेत, स्प्रिंगनं सहज पुढं यायला हवेत. वेणीची वायर सोल्डर करताना शिसं वर चढू देऊ नका. वायर ताठ झाली की कार्बन तिच्यावर टांगून राहतो, कम्युटेटरवर टेकत नाही, आणि चार दिवसांत पुन्हा ठोकाठोकी सुरू. बसवण्याआधी बारीक सँडपेपर कम्युटेटरभोवती गुंडाळून आर्मेचर चार-सहा वेळा फिरवा, म्हणजे कार्बनच्या टोकाला गोलाई येते. पूड फुंकून काढा.

बुशला इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब. त्याहून जास्त नको. हे बुश सच्छिद्र असतात, तेल पिऊन धरतात. ग्रीस भरलं तर छिद्रं बुजतात, आणि तेल सांडलं तर कम्युटेटरवर जाऊन कार्बनचा चिखल होतो. शाफ्ट बुशमध्ये बाजूला हलत असेल तर तेलानं काम भागत नाही, बुश बदला किंवा मोटार. मोटार जोडल्यावर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीवर दहा मिनिटं चालवा. सुरू होताना झटका मोठा असतो, स्थिर झाल्यावर छोट्या गाडीचा पंखा साधारण सहा ते दहा अँपिअर घेतो. हे डीसी क्लँप मीटरनं मोजा. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा बाराच्या वर राहिला आणि बॉडी हात ठेववत नाही इतकी तापली तर आत काहीतरी घासतंय.

भंगारातून जुनी मोटार घेणार असाल तर प्लगच्या पिना, शाफ्टची जाडी आणि पात्यांचा व्यास जुळवून घ्या. एक पातं तडकलेलं असलं तरी घेऊ नका, वेगात तुटून ते सरळ रेडिएटरमध्ये घुसतं. शराउड तुटलेला, अर्धा गायब असेल तर चांगला पंखाही निम्मं काम करतो, कारण तो जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची तीच गरम हवा फिरवत बसतो. शराउडचा तुकडा जोडणं हे स्वस्तातलं आणि दुर्लक्षित काम आहे.

आता डायरेक्ट स्विचचं. अडल्यावेळी घरी पोचण्यासाठी ठीक. कायमचा करायचा तर निदान घरगुती बटण आणि बारीक वायर लावून पूर्ण करंट डॅशबोर्डपर्यंत आणू नका. सात-आठ अँपिअर सतत त्या बटणातून गेले की ते आतून वितळतं, आणि फ्यूज नसला तर आग. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ईसीएम रिलेच्या कॉइलला अर्थ देऊन पंखा चालवतं. तोच अर्थ एका छोट्या स्विचनं समांतर द्या. आधी रिलेची ती बारीक वायर मीटरनं नक्की करून घ्या. मग पंखा आपोआपही लागतो आणि हवा तेव्हा हातानंही, स्विचमधून फक्त पाव अँपिअरपेक्षा कमी जातो. शेजारी एक इंडिकेटर बल्ब टाका, नाहीतर गाडी बंद करून पंखा चालू राहील आणि सकाळी सेल्फ मारणार नाही. पण मूळ दोष कार्बनचा किंवा अर्थचा असेल तर हा स्विच दाबूनही पंखा लागणार नाही, हे दुसऱ्या मिस्त्रीला विचारून बघा.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला आपल्याकडे उन्हाळा लागला की प्रत्येक चौकात मिळतो. त्यानं थंड सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, ईसीएम इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त सोडतं, ॲव्हरेज पडतं. उभ्या गाडीत हवाच नसेल तर पाणी कितीही जोरात फिरवा, उष्णता जाणार कुठं? थर्मोस्टॅट तपासायचा तर दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा. ८२ च्या आसपास उघडू लागला आणि उकळीआधी पूर्ण उघडला की चांगला. अंशांचा आकडा त्यावरच कोरलेला असतो.

बोअरच्या पाण्याचा मुद्दा पंख्याइतकाच मोठा आहे. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट हा सगळा पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा. त्या पाण्यातले क्षार नळ्यांत पांढरा थर बसवतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातं. तुमचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. आज पाणी पुरेसं फिरतंय, दोन उन्हाळ्यांनी फिरेलच असं नाही. थंड इंजिनावर सगळं पाणी काढा, डिस्टिल्ड वॉटरनं एक-दोनदा धुवा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बॅटरीच्या दुकानात ज्या कॅनमध्ये मिळतं तेच पाणी. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. झाकण उघडं, हीटर असेल तर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलवर. पातळी उतरेल तसतसं भरत जा. पंखा दोनदा लागून बंद झाला की हवा निघाली समजा, मग झाकण लावा. जाळी बाहेरूनही बघा. कापसाचं रुई, सोयाबीनचा भुसा, किडे यांचा थर समोरून दिसतो, पण जाळीच्या खोल फटींत गेलेला दिसत नाही. पंखा उतरवलेलाच आहे तर इंजिनाच्या बाजूनं बाहेर साध्या पाइपनं धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं फिन्स आडव्या पडतात.

तोवर बाजारात अडकलात आणि काटा चढू लागला तर, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. घाम निघेल, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल रेघेला टेकला की बाजूला घेऊन बंद करा. इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड वाकतं.

भावाच्या बोलेरोचं गणित वेगळं. तिथला पंखा जर इंजिनाच्या बेल्टवर व्हिस्कस कपलिंगसह (आतल्या घट्ट तेलावर चालणारा, गरम झाला की पंख्याला पकडणारा जोड) असेल तर वरचं इलेक्ट्रिकचं काहीच लागू नाही. गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि पंखा हातानं फिरवा. जड फिरला पाहिजे. गरम असतानाही थंडीतल्यासारखा भिरभिरला, किंवा कपलिंगच्या मधोमध तेलाचे ओघळ दिसले, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय आणि कपलिंग बदलायचं. त्याआधी बेल्ट तेवढा बघून घ्या: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबून तो साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे, त्याहून बराच जास्त दबत असेल तर आधी तो ताणा.